गाईने तोंड फिरवलं

फाल्गुन लागला की सकाळी उठून मी आधी कावळे बघते. आमच्या चाळीच्या मागच्या पत्र्यावर ते येऊन बसतात. चोच मिटलेली असली तर माझा दिवस बरा जातो. पण चोच उघडी, पंख अंगापासून जरा सुटे धरलेले आणि गळ्याची कातडी धपापतेय, असं दिसलं की माझा दिवस गेला. म्हणजे आज तापणार. कावळ्याला घाम येत नाही, तो तोंडावाटे अंगातली उष्णता बाहेर टाकतो, हे मला पूर्वी ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. हे जरा उशिराच कळलं.

मला कुणी प्राणिप्रेमी वगैरे म्हणू नये. कुत्र्यांना बिस्किटं घालत फिरणाऱ्यातली मी नाही. मांजर पायात आली तर मी तिला हाकलतेच. पण आता डोळे त्यांच्याकडेच जातात, त्याला काय करू? लालबागला गल्लीगल्लीत टॉवर उठतायत, त्यांच्या वाळूच्या ढिगाऱ्यात कुत्रे खड्डा करून पोट टेकून पडतात. मांजरं आमच्या मजल्यावरच्या सामाईक न्हाणीत ओल्या फरशीवर पसरतात. गिरणीच्या जुन्या चिमणीवर घारी बसतात, त्या उन्हाबरोबर सरकत सरकत सावलीच्या बाजूला जातात. आणि दुपारी बारा ते चार यातलं कुणीही काही खात नाही. मच्छीवाली टोपली घेऊन समोरून जाते तरी मांजर डोळा उघडत नाही. मी हे पन्नाशीपर्यंत पाहिलंच नव्हतं. म्हणजे दिसत होतं, पण पाहिलं नव्हतं.

आम्ही मूळचे कोकणातले. सासरे गिरणीत होते. पुढे गिरणी गेली, सासरे गेले, खोली राहिली. त्या खोलीत मी, नवरा आणि सासूबाई. मुलगी लग्न होऊन गेलेली. सासूबाई तेव्हा पंचाऐंशीच्या घरात होत्या. साठ वर्षं मुंबईत काढली, पण मालवणी सोडून दुसरी भाषा त्यांनी तोंडात येऊ दिली नाही. न्हाणीत पाय घसरून खुबा मोडला, तेव्हापासून त्या खिडकीजवळच्या पलंगावरच असायच्या. जोडीला साखरेचा आजार. गोळी जेवल्याशिवाय घ्यायची नाही, आणि गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं.

आणि सासूबाईंचा नेम असा, की पहिली चपाती गाईची. गाईने खाल्ल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. चालत्या होत्या तोवर त्या स्वतः जायच्या, डोक्यावर पदर घेऊन, रोज. त्या पडल्यावर काम माझ्याकडे आलं. मी माटुंग्याला एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला. सकाळी नऊला डबा घेऊन खाली उतरायचं, गल्लीच्या टोकाला मारुतीच्या देवळापाशी गाय उभी असायची, तिला चपाती घालायची, वर येऊन सासूबाईंना सांगायचं, त्यांना वाढायचं आणि मग बस पकडायची. कटकट होती. मी कुरकुरायचे आणि करायचे.

गाय एका बाईची होती. बाई साताऱ्याकडची, चाळिशीची, नवरा नसलेली. रात्री गाय घोडपदेवला एका जुन्या गोठ्यात बांधायची आणि सकाळी चालवत आणायची. देवळाच्या पायरीशी हिरव्या गवताच्या पेंड्या मांडून बसायची. लोक पेंडी घ्यायचे, गाईला घालायचे, पाठीला हात लावून तो कपाळाला लावायचे आणि कामावर पळायचे. बाईचं सगळं पोट त्या गाईवर. ती मला ताई म्हणायची. मी तिला नुसतं ‘काय गं’ म्हणायचे.

माझ्याबद्दल आणखी एक सांगायला हवं. माझं तोंड फटकळ. भाजी आळणी झाली तर मी तोंडावर सांगते, मग ती कुणाच्या बारशातली का असेना. चाळीत म्हणतात, हिची जीभ तिखट, पण खोटं बोलायची नाही. मला त्याचा गर्व होता. नवरा म्हणायचा, अगं, कधीतरी वेळ मारून न्यावी माणसाने. मी म्हणायचे, ते तुम्ही करा.

त्या वर्षी होळीच्या आठवड्यात हवा वेड्यासारखी वागत होती. सोमवारी पहाटे गारठा, सासूबाईंना गोधडी लागली. त्याच दिवशी दुपारी असं तापलं की गॅलरीतला कठडा हाताला पोळत होता. समुद्रावरचा वारा एरवी अकरा-साडेअकरापर्यंत येतो. तो चार वाजले तरी येईना. आणि देवळापुढच्या पिंपळाच्या फांद्या देवळाच्या मंडळींनी नेमक्या पंधरा दिवस आधी छाटल्या होत्या, उत्सवाचा मांडव घालायचा म्हणून. गाय उभी राहायची ती जागा उघडी पडली. बाईने दोन बांबू आणि निळं प्लास्टिक बांधलं होतं, पण प्लास्टिकखाली उलट जास्तच उकडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपाती पुढे केली आणि गाईने तोंड फिरवलं. मला वाटलं, दिसली नसेल. मी दुसऱ्या बाजूला गेले. तिने परत तोंड फिरवलं. तिची मान खाली, तोंडातून लाळेची तार लोंबत होती, बरगड्या भराभर हलत होत्या. पुढ्यातल्या गवतालाही तिने तोंड लावलं नव्हतं. बाई तिच्या पाठीवर तांब्याने पाणी ओतत होती. म्हणाली, कालपासनं असंच चाललंय, उन्हानं कावलीय, एक-दोन दिवसांत येईल वळणावर.

मी वर आले. सासूबाईंनी विचारलं, खाल्ल्यान मां? आणि मी, सत्याची पुतळी, सरळ सांगितलं की नाही खाल्लं, तोंड फिरवलं.

मी ताट वाढलं, त्यांनी ते हाताने बाजूला सारलं. मी समजावलं, मग चिडले, मग नवऱ्याला फोन लावून त्यांच्या कानाला धरला. त्यांनी फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. “गायीन तोंड फिरवल्यान,” त्या म्हणाल्या. “मगे माका कित्याक घास?” त्यांना वाटलं, आपल्याला वरचं बोलावणं आलं. मी शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून कामावर गेले. दुपारी शेजारणीचा फोन आला, की म्हातारी घामाने डबडबलीय, हात थरथरतायत, ओळखत नाहीये. मी टॅक्सी करून घरी आले. उपाशीपोटी साखर एकदम उतरली होती, डॉक्टरांनी ती सलाईनमधून चढवली. जाताना म्हणाले, दुसऱ्यांदा असं झालं तर मी खात्री देणार नाही. आता जमेल तसं, पण खायला घाला.

त्या रात्री माझा डोळा लागला नाही. माझं आणि सासूबाईंचं गूळपीठ होतं अशातला भाग नाही. आम्ही तीस वर्षं भांडलो. पण माझ्या हातून, एका चपातीपायी त्या जाणार? ते मला झेपणारं नव्हतं. सकाळ होईपर्यंत मी ठरवलं होतं, की गाईने खाल्लंच पाहिजे.

बुधवारी मी चपातीवर तूप घातलं, वर गुळाचा खडा दाबला. गाईने हुंगलं आणि परत मान वळवली. मी बाईला म्हटलं, तिचं तोंड धर. बाई म्हणाली, ताई, आज तब्येत नरम हाय तिची, ठेवून जावा, उन्हं उतरली की घालते. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, “ठेवून नाही जमायचं. माझ्यासमोर खाऊ दे. मला घरी जाऊन खरं सांगायचं असतं.”

बाईने दावं आवळून गाईची मान सरळ केली. मी गूळ जिभेवर ठेवला. गूळ विरघळला तशी तिची जीभ हलली आणि चपाती आत गेली. तिचं नाक माझ्या तळव्याला लागलं. गाईचं नाक ओलं असतं. हे कोरडं होतं, आणि तापलेलं. ते मला कळलं. लक्षातही आलं, आणि मी ते बाजूला ठेवलं, कारण मला वर जायची घाई होती. वर जाऊन मी सांगितलं, खाल्लं. सासूबाई जेवल्या. मला एवढा आनंद झाला की मी बसस्टॉपवर पोरीला फोन करून सांगितलं.

गुरुवारी होळी. पुरणपोळीचा नैवेद्य. आता मला युक्ती कळली होती. बाईने मान धरली, मी पुरण बोटाने आत सारलं. एक गेली म्हणून दुसरी. संध्याकाळी आभाळ दाटून आलं आणि होळी पेटवायच्या वेळेलाच भुरभुर पाऊस आला. लाकडं ओली झाली, पोरांनी रॉकेल ओतून कशीबशी पेटवली. म्हातारी माणसं म्हणाली, फाल्गुनात पाऊस, लक्षण ठीक नाही. पाऊस दहा मिनिटांत गेला आणि मागे नुसती वाफ सोडून गेला. रात्रभर भिंती गरम होत्या.

धुळवडीला सुट्टी. आमच्या चाळीत एक पद्धत आहे, म्हणजे मीच चालू ठेवलेली. सणाचं उरलेलं अन्न कचऱ्यात टाकायचं नाही, गाईला घालायचं. एरवी जो तो आपापलं नेऊन घालतो. त्या दिवशी मी कौतुकाने मजल्यावर सांगितलं, द्या माझ्याकडे, माझ्या हातून खाते ती. हे वाक्य मी बोलले. माझ्या हातून खाते ती. बायकांनी पुरणपोळ्या दिल्या, कटाच्या आमटीतला भात दिला, दोघींनी भिजवलेली कणीक उरली होती ती दिली. दोन पिशव्या भरल्या. गाय प्लास्टिकखाली उभी होती, चारी पाय फाकून. बाईने पिशव्यांकडे बघितलं. मग तिने दावं आवळलं. आम्ही दोघींनी मिळून तिला दोन्ही पिशव्या चारल्या. मधे मधे ती थांबायची, डोळे मिटायची. मी तिच्या गळ्याखाली खाजवायचे आणि म्हणायचे, खा गं बाई, खा, शहाणी माझी ती. आजही हे शब्द मला ऐकू येतात. भाजी चिरताना, लायब्ररीत पुस्तकं लावताना, मधेच. माझाच आवाज. इतकी गोड मी घरात कुणाशी बोलले नसेन.

शनिवारी सकाळी मी डबा घेऊन उतरले तर देवळापाशी माणसं गोळा झाली होती. गाय खाली बसली होती. मान वळवून ती स्वतःच्या पोटाकडे बघत होती. डावी कूस ढोलासारखी फुगली होती. बाई बाटलीने तिच्या तोंडात गोडेतेल आणि सोडा घालत होती, ते सगळं बाजूने गळत होतं. कुणीतरी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला होता. ते आले तोवर साडेदहा झाले होते आणि ऊन डोक्यावर चढलं होतं. तरुण डॉक्टर. त्यांनी कूस दाबली, बोट वाजवून ऐकलं, पापणी उलटून बघितली. तोंडाचा वास घेतला आणि माझ्या मते तेव्हाच त्यांना कळलं.

ते चिडून बोलत नव्हते, नुसतं सांगत होते. गाईच्या पोटात अन्न आंबतं, त्याची उष्णता तयार होते. म्हणून एकदम गरमी वाढली की जनावर आपण होऊन खाणं तोडतं. पाणी पितं, उभं राहतं, आणि वाट बघतं. तेच त्याचं औषध. हवा बदलली की परत चरायला लागतं. “ही वाचत होती,” ते म्हणाले. “हिला कुणी एवढं गोड आणि पीठ भरवलं?”

माझ्या हातात डबा होता. त्यात गूळ लावलेली चपाती होती. बाई माझ्यापासून दोन हातांवर बसली होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, देवळापुढची गाय हाय सायेब, येणारं जाणारं घालतंय. मी माझ्या त्या सुप्रसिद्ध तोंडाने एक शब्द बोलले नाही. डबा पाठीमागे घेतला.

डॉक्टरांनी नळी घातली, सलाईन लावलं, दोन इंजेक्शनं दिली. मीही थांबले, कामावर गेले नाही. बाराच्या सुमारास गाईने पाय ताठ केले आणि मग ती हलली नाही. पालिकेची गाडी येऊन तिला उचलून घेऊन गेली. गर्दी पांगली. रस्त्यावर तेलाचा डाग राहिला आणि गवताच्या पेंड्या, न सोडलेल्या, तशाच मांडलेल्या.

मी बाईच्या शेजारी पायरीवर बसले. कशी सुरुवात करावी कळेना, म्हणून सरळ म्हटलं, मी मारली गं तुझी गाय. ती दावं गुंडाळत होती. गुंडाळून पिशवीत ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला कळत हुतं की, ताई. धा वर्सं गाय सांभाळली, मला कळंना व्हय? पर न्हाई म्हणले असते, तर तुमी उद्यापास्नं दुसऱ्या गाईकडं गेला असता. तुमचं बघून बाकीची बी गेली असती.” पिशवीची गाठ मारली आणि म्हणाली, “मान मीच धरली हुती तिची.”

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिचा हात धरायला गेले, तिने तो सोडवून घेतला, हळूच, आणि पेंड्या गोळा करायला लागली.

मी घरी आले तेव्हा दीड वाजून गेला होता. सासूबाई उशीला टेकून दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या. सकाळपासून पोटात काही नाही. शेजारणीने दिलेला चहा बाजूला तसाच, त्यावर साय धरलेली. ओठ कोरडे पडले होते आणि बोटांना तो मंगळवारसारखाच कंप सुटला होता. त्या म्हणाल्या, “इतको उशीर? गायीन खाल्ल्यान मां?”

मी डबा ओट्यावर ठेवला.

“खाल्लं,” मी म्हटलं. “सगळं खाल्लं. अजून मागत होती.”

मला वाटलं, तीस वर्षं ओळखतात, तोंड बघूनच पकडतील. तसलं काही झालं नाही. त्यांचा चेहरा सैल झाला, त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, वाढ गो. मी कुळथाची पिठी आणि मऊ भात वाढला. त्या सावकाश जेवल्या, बोटं चाटली, गोळी घेतली आणि कूस बदलून झोपल्या. एका शब्दाचं काम होतं. मंगळवारी सकाळी तो बोलले असते तर गाय तोंड फिरवून उभी राहिली असती आणि हवा पालटल्यावर चरायला लागली असती. दोघी जगल्या असत्या. माझं तोंड मात्र विटाळलं असतं, आणि तेवढंच मला चालणार नव्हतं.

बाई त्यानंतर देवळापाशी दिसली नाही. गोठ्यावर जाऊन विचारलं, तर म्हणाले, गावी गेली. त्या जागी कुणी दुसरी गाय आणली नाही. सासूबाई पुढे दीड वर्ष होत्या. त्यांना खिडकीतून देऊळ दिसत नव्हतं, आणि मी त्यांना कधीच सांगितलं नाही, चाळीत कुणाला सांगूही दिलं नाही. रोज सकाळी नऊला मी डबा घेऊन जिना उतरायचे, थोडा वेळ थांबायचे, आणि वर येऊन म्हणायचे, खाल्लं. त्या जेवायच्या. आणि ती चपाती रोज मीच खायचे, जिन्यात उभ्या उभ्या, कुणी येत नाही ना हे बघून.